गाडीचं परस्तान

"या वर्षी पहाड म्हणजे पहाड! आभाळ फाटलं तरी मंगळवारी सकाळी आपण तामियाच्या रस्त्याले लागलो असू, लिहून घ्या!"

प्रफुल्लने पांढुर्ण्याच्या आपल्या घरात जेवता जेवता ही घोषणा केली आणि कोणी मानसुद्धा वर केली नाही. वडील, म्हणजे बापूजी, कढी भुरकत राहिले. बायको सुनंदा पोळी वाढत राहिली. वाढणारच! हीच घोषणा बावीस वर्षं दर दसऱ्याला होत आली होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी गच्चीवरून लांबची निळी रेघ दाखवत सुनंदा म्हणाली होती, "तो सातपुडाच ना? तिथं जायचं आहे मले." नव्या नवरदेवाच्या तोऱ्यात प्रफुल्ल म्हणाला होता, "त्यात काय! पुढच्या महिन्यात!" पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न निघालं. मग बापूजींचा हर्निया. मग नेहा झाली, नेहाची शाळा, नेहाची बारावी. पहाड काही जागचा हलला नाही. सुनंदाही हलली नाही. त्याच गच्चीवर, त्याच रेघेकडे तोंड करून, रोज धुणं वाळत घालत राहिली.

पण या वर्षी गोष्ट निराळी होती, आणि सांगायला जरा जड आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी नेहा नोकरीला पुण्याला गेली आणि सुनंदा बोलेनाशी झाली. भांडण नाही, रुसवा नाही. रुसवा असता तर प्रफुल्लला हायसंच वाटलं असतं, रुसवा काढायचा त्याला दांडगा अनुभव होता! ही नुसती विझत चालली होती. दिवेलागणीला दिवा लावायचा विसरून अंधारात बसून राहायची.

"डोकं दुखून राहिलं काय?"

"नाई."

"मंग काय झालं?"

"काई नाई."

भाजीत मीठ नसायचं. प्रफुल्ल शाळेत पन्नास पोरांना दमात घेणारा मास्तर, पण घरी 'मीठ नाही' म्हणायची त्याची छाती होईना. मुकाट गिळायचा. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. मग चष्मा काढून ते म्हणाले, "गुरुजी, यांना कुठंतरी बाहेर घेऊन जा. लवकर न्या." ते 'लवकर' प्रफुल्लच्या डोक्यातून जाईना. भ्याला होता बिचारा. खरंच भ्याला होता.

म्हणून त्याने कॅम्पर गाडी ठरवली. नागपूरच्या राहुल नावाच्या माणसाने जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचं चालतंफिरतं घर केलं होतं. आत गादी, शेगडी, भांडी, पडदे, बाजूला उघडणारी ही मोठी छत्री! सोमवारी दुपारी राहुलने गाडी दारात आणून लावली आणि चाबी हातात दिली.

"स्टेअरिंगचं लॉक मेलं आहे सर, अन् मागचं दार लागत नाही. बाकी गाडी वाघ आहे! फक्त गादीले जपा. नवीन आहे."

असं म्हणून तो रेल्वेने परत गेला.

सगळं जमून आलं होतं. तेवढ्यात बापूजींनी पंचांग काढलं.

"मंगळवारी? उत्तरेले? दिशाशूळ आहे लेका!"

"बापूजी, गाडी मंगळ-बुधच मिळून राहिली."

"मंग परस्तान ठेवा."

आता ज्यांच्या घरी म्हातारं माणूस उरलं नाही त्यांना हे सांगावं लागेल. जायचा दिवस वाईट असला तर आदल्या दिवशी प्रवाशाचं एक गाठोडं शिवेपलीकडे कोणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे देवाच्या लेखी तुम्ही कालच निघालात! दुसऱ्या दिवशी जाता जाता ते उचलायचं आणि पुढं व्हायचं. मात्र ज्याचं गाठोडं त्यानेच उचलायचं, आणि एकदा उचललं की उलट पावली घरी यायचं नाही. आलात तर प्रवास मोडला.

बापूजींनी हौसेनं स्वतः गाठोडं बांधलं. सुनंदाची नवी हिरवी साडी, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड, वर एक रुपया. काठी टेकत टेकत जाम नदी ओलांडली आणि सावरगावात आपल्या गुणवंता नावाच्या जुन्या दोस्ताकडे ते ठेवून आले.

मंगळवारी सकाळी दारात ही गर्दी! मास्तर पहाडात चालला म्हणजे काय थट्टा आहे? शेजारणींनी गाडीला झेंडूची माळ घातली. नारळ फुटला. सुनंदा दशम्यांचा डबा घेऊन मागं गादीवर जाऊन बसली. आभाळ भरून आलं होतं, परतीच्या पावसाची बुरबुर चालली होती, पण प्रफुल्ल राजासारखा गाडीत चढला, सीटवर बसला, खिशात हात घातला, आणि त्याचा चेहरा उतरला.

चाबी नाही!

खिसे झाले, कपाट झालं, देवघर झालं, तांदळाचा डबा झाला. शेवटी बापूजी ओट्यावरून शांतपणे म्हणाले, "कायले शोधून राहिले? चाबी परस्तानात आहे."

"काय?"

"मंग! माणसाचं परस्तान ठेवलं अन् गाडीचं नको? आमच्या वक्ती दमणी निघाची त् बैलाचा कासरा ठेवत होतो आम्ही. तुह्या गाडीले कासरा आहे काय? चाबीच त् आहे!"

म्हाताऱ्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर होतं, हेच तर वाईट होतं.

"ठीक आहे, मी सायकलनं जातो अन् चाबी घेऊन येतो."

"अन् उलट पावली घरी येशीन? परस्तान मोडते!"

"मंग दुसऱ्या कोणाले पाठवतो."

"ज्याचं त्यानंच उचलाव लागते!"

"अहो बापूजी, चाबी तिकडं, गाडी इकडं! गाडी चाबीजवळ जाईन कशी?"

"ते तू पाह्य. तू सायन्सचा मास्तर आहे."

प्रफुल्लने कपाळाला हात लावला. आणि तेव्हाच त्याने पाहिलं. सुनंदा काही न बोलता गाडीतून उतरली होती. डबा हातात घेऊन, खाली मान घालून, ती घराकडं चालली होती. चिडली असती तर गोष्ट वेगळी. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. बावीस वर्षं हेच झालं, आजही हेच होणार, चला, कुकर लावू. प्रफुल्ल तिच्यामागं दोन पावलं धावला. आज ही उंबऱ्याच्या आत गेली तर पुन्हा बाहेर येणार नाही, असं त्याला वाटलं, आणि तो ओरडला, "सुनंदा, डबा ठेव गाडीत! गाडी निघून राहिली आहे!"

"कशी?" तिने विचारलं. महिन्याभरात तिने विचारलेला हा पहिला प्रश्न.

"कशीही!"

शेजारच्या रामाजीचा ट्रॅक्टर समोरच उभा होता. साखळी आली, गाठ बसली, आणि झेंडूची माळ घातलेला नागपूरचा वाघ ट्रॅक्टरच्या मागं शेपटीसारखा चालू लागला. स्टेअरिंगचं लॉक मेलेलं होतं हेच नशीब! मागून निम्मी आळी. नदीच्या पुलावर, जिथं दर पोळ्याला दोन्ही गावं काठावरून एकमेकांवर गोटे फेकतात, तिथं सावरगावची चार माणसं थबकली.

"काहून हो गुरुजी? गोटमार त् पोळ्यालेच झाली. एवढी फौज घेऊन आता काय आणलं?"

"परस्तान न्याले आलो!" प्रफुल्ल खिडकीतून ओरडला. त्यांनी हात जोडले आणि बाजूला झाले.

गुणवंताच्या दाराला हे मोठं कुलूप!

प्रफुल्लने फोन लावला. "काका, कुठं आहा? आमचं परस्तान?"

"काही चिंता नका करू!" गुणवंताचा आवाज खणखणीत आला. "मी बोरगावले आलो, आमच्या बहिणीच्या, जयवंताबाईच्या तेरवीले. पण तुमची जोखीम बंद घरात एकटी ठेवीन काय मी? संग घेऊन आलो! जिवापाड सांभाळून राहिलो!"

बोरगाव! म्हणजे पार सौसरकडं! प्रफुल्ल मटकन खाली बसला असता, पण मागं गादीवर डबा मांडीवर घेऊन सुनंदा बसली होती. आणि रामाजी म्हणाला, "जयवंताबाई आमच्याही नात्यातल्याच. मले जावंच लागते तेरवीले. चला, असेच जाऊ."

आता हा प्रवास कसा झाला ते विचारू नका. ट्रॅक्टरच्या चालीनं जायचं, मागून ट्रक शिव्या देऊन पुढं जात होते. चाबी नाही म्हणून वायपर नाही, हॉर्न नाही. प्रफुल्ल एका हातानं स्टेअरिंग धरून दुसऱ्या हातानं, खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकून, रुमालानं काच पुसत होता. रामाजीच्या चाकांचा चिखल काचेवर, तिथून मास्तरांच्या तोंडावर. दोन्हीकडं ओल्या कापसाची बोंडं काळी पडून लोंबत होती. आभाळ खाली उतरून रस्त्यावर बसलं होतं.

"सुनंदा, पाह्य! संत्र्याच्या बागा!"

"पाहून राहिली."

"बहार चांगला आहे यंदा, नाही?"

"हो."

संपलं! विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं. प्रफुल्लला रडू आलं. पाऊस होता म्हणून बरं, कोणाला कळलं नाही.

बोरगावला मांडव पडला होता. पंगत बसली होती. कोपऱ्यात जयवंताबाईंचा फोटो, उदबत्त्या, खाली मान घातलेली माणसं. आणि त्या दुखवट्यात, ट्रॅक्टरला बांधलेली, झेंडूची माळ घातलेली, पडद्यांची गाडी जाऊन उभी राहिली! सगळी पंगत हातातला घास हातात धरून पाहत राहिली. प्रफुल्लला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

गुणवंता धावत आला. "आले! बसा, पहिले जेवून घ्या."

"काका, परस्तान!"

"ते त् सगळ्यांत सुरक्षित जागी ठेवलं ना मी! बहिणीच्या फोटोजवळ!"

तो फोटोकडं वळला आणि जागच्या जागी थिजला. फोटोजवळ काहीच नव्हतं. सकाळी तिथं दानाचं सामान मांडलं होतं. म्हातारीच्या नावानं लुगडं, जोडे, छत्री, तांब्या. पूजेला आलेले महाराज ते सगळं घेऊन सौसरला गेले होते. आणि साडी, तांदूळ, सुपारी, वर रुपया असं नीट बांधलेलं गाठोडं जर मेलेल्या माणसाच्या फोटोपुढं ठेवलं, तर महाराजांनी त्याला काय समजावं?

"दानात गेलं!" गुणवंता कपाळ बडवून म्हणाला.

"माझी साडी?" मागून सुनंदाचा आवाज आला. ती गाडीतून उतरून मांडवाच्या कडेला उभी होती. "मेलेल्या माणसाच्या नावानं?"

प्रफुल्लनं गुणवंताकडं पाहिलं. आधीच विझत चाललेली बायको, आणि तिची साडी तेरवीच्या दानात! बापूजींना हे सांगायचं कसं? आणि हिला घरी न्यायचं कसं?

इतक्यात मांडवापुढं एक ऑटो येऊन थांबला. त्यातून खुद्द महाराज उतरले! चेहरा असा फुललेला, की दुखवट्याच्या घरी बरा दिसू नये. त्यांच्या हातात चाबी होती.

"गौतमभाऊ!" त्यांनी जयवंताबाईंच्या मुलाला गाठून दोन्ही हात धरले. "घरी जाऊन गाठोडं सोडलं अन् पाहतो तर चाबी! म्हटलं, यजमानानं चाबी दिली, त् गाडी कुठं ठेवली? गोदान पाहिलं, शय्यादान पाहिलं, पण वाहनदान जन्मात पहिल्यांदा पाहून राहिलो! आईसाठी लेकानं काय केलं पाहा!"

आणि महाराज वळले. समोर माळ घातलेली गाडी तयारच!

"हीच काय?"

ते आत डोकावले आणि त्यांचे डोळे भरून आले. "गादी! शेगडी! भांडे! छत्री! अरे, माणसाले त्या वाटेवर जे जे लागते ते सगळं एकाच दानात!"

मांडवात एकच गलबला झाला. हा गौतम म्हणजे नात्यागोत्यात चिक्कू म्हणून गाजलेला. आताच पंगतीत बुंदी मोजून वाढली म्हणून कुजबुज चालली होती. आणि आता मामा उठले, आत्या उठल्या, "धन्य झाला लेका, माय पावन केली!" म्हणून पाठ थोपटू लागले. 'ती गाडी माझी नाही,' हे सांगायला गौतमने तोंड उघडलं. कोणी तरी त्याच्या पाया पडलं. त्याने तोंड मिटलं.

"अहो महाराज, ती गाडी नागपूरची आहे, मी..." प्रफुल्ल ओरडत होता. कोण ऐकतो! दोघं-तिघं हौशी पाहुणे तर मागच्या दारातून चढ-उतर करून राहिले होते. महाराजांचा ऑटोही मध्येच कुठं एक फेरी मारून आला. गुणवंता बहिणीच्या फोटोपुढं हात जोडून उभा होता, जणू आता तिनंच काही करावं.

"महाराज!"

आवाज एवढा मोठा होता की प्रफुल्लला वाटलं दुसरंच कोणी बोललं. सुनंदा मांडवाच्या मधोमध येऊन उभी होती. पदर खोचलेला, भिजलेले केस कपाळावर चिकटलेले.

"ती साडी माझी आहे. ती चाबी यांची आहे. गाडीही आम्हीच आणली आहे." तिला दम लागला होता. "अन् मी मेली नाही, महाराज! मी जिवंत आहो! मले पहाडात जायचं आहे. बावीस वर्षं झाले, मले पहाडात जायचं आहे!"

सुनंदाची हनुवटी थरथरू लागली. आता ही रडणार, प्रफुल्लला वाटलं, आणि तो पुढं झाला. पण ती रडली नाही. तिच्या तोंडून आधी एक हुंदक्यासारखं काहीतरी निघालं, मग दुसरं, आणि मग ती हसायलाच लागली. तेरवीच्या मांडवात, जयवंताबाईंच्या फोटोसमोर, तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! "चाबी... चाबीचं परस्तान..." एवढंच तिला बोलता येत होतं. मग फोटोजवळ बसलेल्या एका म्हातारीला हसू आलं. मग गुणवंताला. शेवटी महाराजांनाही राहवलं नाही.

"घ्या माय," चाबी तिच्या हातात ठेवून ते म्हणाले. "जित्या माणसाचं दान आम्हाले पचत नाही. साडीचं गाठोडं ऑटोत आहे, तेही घ्या. सुखानं जा."

गौतमनं एक उसासा टाकला. सुटल्याचा होता की हळहळीचा, ते त्यालाच माहीत!

चाबी फिरवताच वाघ गुरगुरला. रामाजीनं साखळी सोडली. सुनंदा गाठोडं घेऊन मागं नाही गेली, पुढचं दार उघडून प्रफुल्लशेजारी बसली. आणि बोलू लागली! सौसर मागं पडलं तरी बोलतच होती. नेहाची खोली झाडायला जीव होत नाही म्हणाली. संध्याकाळी घर खायला उठतं म्हणाली. मग एकदम त्याच्याकडं वळली.

"दोन महिने भाजीत मीठ नाही. तुम्ही बोलले काहून नाही?"

"मले वाटलं, तुले आणखी वाईट वाटन."

"मी रोज वाट पाहून राहिली होती, आज त् बोलतीन! मले वाटलं, या माणसाले माझ्या हातची चवच उरली नाही."

प्रफुल्लनं गाडी थोडी हळू केली. त्याला समोरचं नीट दिसेना, आणि आता तर वायपरही चालू होता.

सिल्लेवानीच्या घाटात पोचले तेव्हा दिवस मावळतीला आला होता. एका वळणावर त्यानं गाडी लावली. दोघं उतरले. समोर पहाड असायला हवा होता. समोर धुकं होतं! वर धुकं, खाली धुकं, मधे एक सागाचं झाड आणि त्याला टेकलेली कोणाची तरी सायकल. बावीस वर्षांनी बायकोला पहाड दाखवायला आणावं, आणि पहाडानं तोंडावर पांघरूण घ्यावं! प्रफुल्लचे खांदे पडले.

"थांबा ना," सुनंदा म्हणाली.

ते थांबले. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग वारा सुटला, धुकं एका जागी फाटलं, आणि अगदी समोर, हात लावावा इतकी जवळ, सागाची आणि पिवळ्या गवताची ओली धार वरपर्यंत चढत गेलेली दिसली. दिसली आणि पुन्हा झाकली.

"पाहिलं काय!" सुनंदानं त्याचा हात घट्ट धरला. "किती जवळ आहे हो! अन् गच्चीवरून किती लांब वाटे."

मग म्हणाली, "थंडी वाजून राहिली. थांबा, चहा ठेवते," आणि तिनं मागचं दार उघडलं.

आत पडदे होते. बाकी काहीही नव्हतं! गादी नाही, शेगडी नाही, भांडी नाहीत, छत्रीसुद्धा नट काढून नेलेली. उघड्या फळीवर एकटा दशम्यांचा डबा. ते हौशी पाहुणे कशाला चढ-उतर करत होते आणि ऑटो कुठं फेरी मारून आला होता, ते प्रफुल्लला आत्ता कळलं. महाराज भला माणूस, पण त्यांनी चाबी परत दिली तोवर गादी सौसरला पोचली होती.

प्रफुल्ल फळीवर बसला. सुनंदा मात्र पुन्हा हसत सुटली होती, आणि हसता हसताच तिनं दशम्या काढल्या.

"पुढच्या वर्षी बापूजीले म्हणा, परस्तानात गादीच बांधा. तेवढी तरी भेटन!"

प्रफुल्लनं बाकीचं काही ऐकलंच नाही. 'पुढच्या वर्षी' एवढंच ऐकलं. दशमी त्यानं तोंडात घातली. मीठ होतं! अंमळ जास्तच होतं.

"खारट झाली," तो म्हणाला.

"बरं झालं बोलले," ती म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. नागपूरहून राहुल होता.

"सर, पोचले का पहाडात? बाकी काही नाही, त्या गादीची आठवण द्यायले फोन केला. एकदम नवीन आहे, जपा बरं!"

प्रफुल्लनं उघड्या फळीकडं पाहिलं, धुक्याकडं पाहिलं, तोंडाला पदर लावून हसणाऱ्या बायकोकडं पाहिलं. मास्तराला खोटं बोलणं शोभत नाही.

"काही काळजी करू नका," तो म्हणाला. "गादीले आम्ही बोटसुद्धा लावलं नाही!"